आजोचा साकव

पुढच्या आठवड्यात आजोला जाऊन वर्ष होईल. लिहू लिहू म्हणत वर्षभर राहून गेलं, आता काकाचा फोन आला आणि म्हटलं आज बसायचंच. आधीच सांगतो, आमच्याकडे मालवणी घरांत आजोबांना आजो म्हणतात आणि त्याला अहोजाहो करत नाहीत, त्यामुळे मी एकेरीच लिहिणारे, त्यात मान कमी आहे असं कृपया कुणी समजू नका.

आमचं गाव देवगड तालुक्यात, पण समुद्रावरचं नाही, आत. विजयदुर्गाकडून खाडी जिथवर आत येते त्याच्याही वर डोंगरात. आणि आमची वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. म्हणजे शाळा, रवळनाथाचं देऊळ, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा सगळं व्हाळाच्या त्या बाजूला आणि आमची घरं ह्या बाजूला. उन्हाळ्यात हा व्हाळ एवढा कोरडा की पोरं त्यात क्रिकेट खेळायची. पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, वर सगळा कातळ-सडा, तिथे पाणी थांबायला जागाच नाही, त्यामुळे डोंगरावर जोराची सर आली की तासाभरात व्हाळ छातीएवढा होतो आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत परत गुडघ्यावर येतो. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना पटत नाही. सकाळी शाळेत गेलेलं पोर संध्याकाळी घरी येईल की नाही हे पावसाळ्यात आमच्या वाडीत कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्या व्हाळावर आजो दर वर्षी साकव घालायचा. दर वर्षी. चाळीसच्या वर वर्षं.

ज्यांना साकव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पायपूल. आमचा चोवीस हात लांब होता. माडाची दोन लांब खोडं आडवी, ती मधे किंजळीच्या लाकडाच्या मेढींवर, म्हणजे खांबांवर, टेकवलेली (किंजळ पाण्यात लवकर कुजत नाही), वर पोफळीच्या फाळी शेजारी शेजारी काथ्याच्या सुंभाने आवळलेल्या आणि हात धरायला एका बाजूला चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचा कठडा. काजूचा सीझन संपला की वैशाखात काम सुरू व्हायचं आणि मृगाच्या आत पुरं. घरटी एक माणूस यायचा. पण लाकूड कुठलं तोडायचं, मेढ कुठे रोवायची, गाठ कशी मारायची हे आजोच्या डोक्यात. मला ती गाठ त्याने तीनदा शिकवली, मला अजून येत नाही, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मला चांगली समजली कारण तो ती दर वर्षी सांगायचा. साकव पाण्याने मोडत नाही. पाण्याबरोबर जे वाहत येतं त्याने मोडतो. वरून एखादा ओंडका येतो, साकवाला अडतो, त्याला पालापाचोळा, गवत, फांद्या अडतात, बघता बघता साकवाचा बांध होतो आणि मग मागचं सगळं पाणी त्याला ढकलतं. म्हणून आजो साकव घालायच्या आधी चार दिवस कोयता आणि कुऱ्हाड घेऊन व्हाळाने वर वर जायचा आणि पात्रात पडलेली झाडं तोडून काठाला ओढून ठेवायचा. आणि माडाच्या खोडांचं एकच टोक काठावरच्या किंजळीला जाड दोराने बांधायचा, दुसरं टोक नुसतं टेकवलेलं. फारच मोठा पूर आला तर साकव सुटतो, पण वाहून जात नाही, दोराला धरून काठाला येऊन लागतो. पाणी उतरलं की खोडं परत ओढून जागेवर. "पाण्याक वाट देवची, तेच्याशी झगडूचा नाय" हे त्याचं वाक्य होतं.

आजो तरुणपणी मुंबईला गिरणीत होता. लालबागला आमच्या गावची खोली होती, एका खोलीत तीसेक माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. तेव्हा गावाला यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट धरून विजयदुर्गाला उतरायचं, बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला, मग चालत. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे पावसाळ्यात घरी काही झालं तर तार मिळून पण माणूस पोचेल याचा भरवसा नाही. कोयनेचा भूकंप झाला, 1967 साल, त्यानंतरच्या पावसात पणजोबा आजारी पडले आणि आजो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आजी सांगायची, पणजोबांना डोलीत घालून व्हाळापर्यंत नेलं होतं, पाणी एवढं होतं की पलीकडे जाता येईना, काठावर दीड दिवस बसून होते लोक. आजो परत मुंबईला गेलाच नाही. पुढच्या वैशाखात पहिला साकव घातला. ह्या दोन गोष्टी त्याने स्वतः कधी एकत्र सांगितल्या नाहीत, मी जोडतोय, पण मला त्यात शंका वाटत नाही.

शेती काय, सगळ्यांची असते तशीच. फाल्गुनात भाजावळ, मृगात पेरणी, आर्द्रात लावणी, पाठीवर इरलं आणि पायात चिखल. पावसाळाभर त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या, कातडी पांढरी होऊन फाटायची, आजी रात्री मेंदीचा पाला वाटून लावायची आणि पहाटे तो परत शेतात. मी लहान असताना त्याच्या पायांशी बसून तो लेप लावलाय. टाच अशी होती की बोट लावलं तर जांभ्या दगडासारखी खरखरीत लागायची.

गिरण्यांचा संप झाला 1982 ला, तेव्हा आमच्या वाडीतली पाच-सहा माणसं हळूहळू परत आली. हे मी बाबांकडून ऐकलंय. पंधरा-वीस वर्षं मुंबईत काढलेली माणसं, हातात काही नाही, घराबाहेर पडायला लाज वाटायची त्यांना. आजोने कुणाला उपदेश केला नाही. वैशाखात एकेकाच्या खळ्यात जाऊन फक्त सांगितलं, उद्या साकवाचं काम आहे, तुला मेढ धरायचीय. आली सगळी. त्यातल्या एकाने मला स्वतः सांगितलं की गावात परत आल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी कामाला बोलावलं ते तुझ्या आजोने. नंतर 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागांची योजना आली तेव्हा त्याच माणसांना बरोबर घेऊन त्याने वरकस जमिनीवर वेंगुर्ल्याची काजूची कलमं लावली, आज वाडीत चार पैसे दिसतात ते त्या काजूचे. योजनेचे कागद भरायला बाबा, खड्डे मारायला आजो.

आता देवाचं सांगतो. आजो पखवाज वाजवायचा, शिकला लालबागच्या खोलीत. आमच्या रवळनाथाच्या देवळात सप्ताह असतो, अखंड भजन, खंड पडू द्यायचा नाही, प्रत्येक वाडीला पार, म्हणजे भजनाच्या पाळ्या, वाटून दिलेले. आमच्या वाडीला मध्यरात्रीचा पार. झोपेची वेळ, तरुण पोरं भिंतीला टेकून पेंगायची, आणि आजो ऐंशीच्या घरात असताना ताठ बसून तीन तास पखवाज. मी एकदा विचारलं, देव ऐकतो का रे आजो रात्री दोन वाजता? तर म्हणाला, देवाचा म्हायत नाय, पण पुढच्या वाडीचो माणूस आपल्या आधारान झोपलेलो असता, तेका उठवचा लागता नये. हे मी कितीतरी वर्षं डोक्यात घोळवतोय.

साकवाच्या कामाचा पहिला नारळ पण देवाचा. सगळे व्हाळात गोल उभे राहायचे, टोप्या हातात, आणि आजो गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा रवळनाथा महाराजा, आज तुजी लेकरा हय जमली हत, वरसाप्रमाना ह्यो नारळ तुका ठेवलेलो असा, तो मान्य करून घे. ह्या साकवावरसून जो कोन जायत येयत तेच्या पायाक आधार दी, तेची राखण कर रे महाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय महाराजा!" जो कोण. वाडीतला असं नाही म्हणायचा.

मी चौथीत असताना जुलैमध्ये साकव सुटला. शाळा सुटेपर्यंत पाणी कमरेच्या वर. आम्ही अकरा पोरं शाळेकडच्या काठावर रडत उभी, पलीकडे आया छत्र्या घेऊन. आजोने दोर दोन्ही काठांच्या झाडांना ताणून बांधला, एका हाताने दोर धरून एकेक पोर खांद्यावर बसवून पलीकडे नेलं. अकरा फेऱ्या जायच्या आणि अकरा यायच्या. मला त्याने शेवटी नेलं. मला तेव्हा राग आला होता, आपलाच आजो आणि आपल्याला शेवटी. त्याच्या डोक्याला मी दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, टोपीखालचे ओले केस माझ्या बोटांत, खाली पाण्याचा आवाज आणि त्या आवाजात तो काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकलं तर विठ्ठल विठ्ठल, प्रत्येक पावलाला एक. पाऊल आधी चाचपायचा, मग विठ्ठल, मग भार टाकायचा.

पक्क्या साकवासाठी अर्ज किती केले त्याची एक पिशवी भरलीय घरात. लोक यायचे, टेप लावून मोजायचे, जायचे. एकदा काम झालं तेसुद्धा नुसते पाइप टाकून वर भराव, पहिल्याच पावसात पाइप पाल्याने तुंबले आणि भराव गेला. मला फार संताप आला होता, मी मुंबईहून फोनवर बरंच बोललो. आजो दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन पाइप मोकळे करायला गेला होता. मी म्हटलं तू कशाला, ज्यांनी पैसे घेतले त्यांना करू दे. तर म्हणाला पोरांची शाळा सोमवारी आसा. मी त्याला त्या दिवशी नको ते बोललो, तू असं करतोस म्हणूनच त्यांचं फावतं असं काहीतरी. त्याने उलट उत्तर दिलं नाही, जेवलस मां रे एवढं विचारलं आणि फोन ठेवला. तक्रार करायला हवीच होती, ते माझं म्हणणं आजही तेच आहे. पण त्याच्याशी तसं बोलायला नको होतं.

शेवटी सिमेंटचा साकव झाला, चांगला झाला, अजून उभा आहे. सगळ्यांना वाटलं आजो सुटला. पण तो वैशाखात कोयता घेऊन व्हाळाने वर जातच राहिला. सिमेंटचा झाला म्हणून ओंडके यायचे थांबलेत काय, म्हणायचा.

2020 च्या मे महिन्यात मी बायको-पोरीला घेऊन गावी गेलो तेव्हा चाकरमान्यांना चौदा दिवस शाळेत ठेवत होते. गावात लोक घाबरलेले, आमच्याकडे बघून रस्ता बदलायचे, मला त्यांचा राग नाही, भीती होतीच तशी. आजो ब्याऐंशीचा. रोज सकाळी साकवावरून यायचा, गेटच्या बाहेर वीस पावलांवर पेजेची किटली, कुळथाची पिठी, कधी फणस ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. नुसतं आमच्यासाठी नाही, आत होते त्या सगळ्या एकोणीस जणांसाठी, त्यातली निम्मी दुसऱ्या वाड्यांची. संध्याकाळी गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसून टाळ वाजवत अभंग म्हणायचा आणि आम्ही वर्गातून मागे म्हणायचो. माझी पोरगी तेव्हा सहा वर्षांची, ती अजून त्या शाळेला आजोच्या भजनाची शाळा म्हणते.

दर वर्षी पहिला मोठा पाऊस पडला की मला आजोचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "पाऊस लागलो. पाणी सरळ जाता." बस. म्हणजे साकवाखालून पाणी न अडता जातंय. गेल्या वर्षीही आला. त्यानंतर नऊ दिवसांनी गेला, झोपेतच.

या मे मध्ये मी सुट्टी काढून गेलो. काका, दोन चुलतभाऊ, वाडीतली तीन पोरं आणि मी. नारळ ठेवला, टोप्या काढल्या आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले कारण गाऱ्हाणं घालणारा नव्हता. शेवटी काकाने घातलं, मधे दोनदा अडला, पण जो कोन जायत येयत तिथे बरोबर आला. मग चार दिवस व्हाळाने वर गेलो. आजो एकटा कसा करायचा कळत नाही, आम्ही सात जण दमलो. ओंडके सोळा निघाले, एक आंब्याचा एवढा मोठा की तो काठाला ओढायला अर्धा दिवस गेला. परत येताना जुन्या जागेवरची किंजळ बघितली. आजोचा दोर अजून तिच्या बुंध्याला आहे, सालीने दोन्ही बाजूंनी वाढून तो जवळजवळ गिळलाय, फक्त गाठ बाहेर राहिलीय. पोरांपैकी एकजण ती गाठ कशी मारलीय ते मोबाईलवर फोटो काढून निरखत बसला होता. त्याला जमली तर मला शिकवायला सांगितलंय.

आज सकाळी लोकलमध्ये होतो, कळव्याला गाडी थांबलेली, फोन वाजला. काका. मागे पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की अर्धं ऐकू येईना.

"पाऊस लागलो रे," म्हणाला. मग थोडा वेळ नुसता पाऊसच. "पाणी सरळ जाता."