पाकळी उशिरा पडली

बुधवार, रात्री साडेदहा

आज सातेरी देवीला कौलासाठी लावलेली पाकळी पडायला चाळीस मिनिटं लागली. वेळ मोजायची असं काही ठरवलं नव्हतं, पण वीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतलेल्या बाईचा डोळा आपोआप घड्याळाकडे जातो.

आईला घेऊन गावी गेले होते. दिचोलीच्या पलीकडे आमचा गाव आणि गावाच्या टोकाला सातेरी. बाहेरच्यांना मुद्दाम सांगावं लागतं की आमची सातेरी म्हणजे मुळात वारूळ. रोयण म्हणतो आम्ही. त्यावर चांदीचा मुखवटा, साडी, अबोलीचा वळेसर, आणि या सगळ्याच्या मागे लाल माती. अकरावीत जीवशास्त्राच्या सरांनी सांगितलं की वारूळ वाळवी बांधते, माती आणि लाळ कालवून. नाग येतो तो आयत्या बिळावर. त्या दिवशी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात आजीला हे ऐकवलं. वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल. ती म्हणाली, "एवढ्याशा किड्यांनी एवढं उभं केलं? बघ तर देवीची करणी!" वाद तिथंच संपला. मी जिंकले की हरले, ते अजून कळलेलं नाही.

तर आई. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघालेत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: काळ्या फांद्यांसारख्या नसा आणि मध्येच कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी जागा. बायपास करावी लागणार, पायातली शीर काढून रक्ताला नवी वाट करून द्यायची. आईनं सगळं शांतपणे ऐकलं, दोन प्रश्नही विचारले, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाली, "सातेरीकडे पाकळी लावून येऊया."

माझ्या पोटात गोळाच आला. काका आठवला.

1993 चा श्रावण. मी दहावीत होते. काका शेतात बेणणी करून आला तो तापानंच. डोळे लाल. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पायावर चादर नको म्हणायचा. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, तेव्हा घरानं निदान केलं, कावीळ. गावठी औषध सुरू झालं. बाबा म्हणत होते बांबोळीला नेऊया. आजी म्हणाली, देवीला विचारूया. प्रश्न काय विचारला गेला ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं: गावठी औषधच चालू ठेवायचं ना? कौल उजवा झाला. म्हणजे होकार. त्यानंतर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काकाची लघवी बंद झाली, मग शेजाऱ्यांची जीप, मग बांबोळी. मूत्रपिंडं निकामी झाली होती. अडतीस वर्षांचा होता.

आज ती लक्षणं आठवली की मला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दिसतो. उंदराच्या मुतानं नासलेलं शेतातलं पाणी, पायाला भेगा, लाल डोळे, दुखऱ्या पोटऱ्या, मग कावीळ. डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलीन यांसारखी साधी औषधं त्यावर चालतात, पण ती लवकर द्यावी लागतात. दोन दिवस म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

गावात मात्र कौल चुकला असं कुणीही म्हणालं नाही. "तेवढंच आयुष्य घेऊन आला होता," म्हणाले. मी पुढची बारा-तेरा वर्षं सातेरीच्या पायऱ्या चढले नाही. आजी रोज जात राहिली.

वर्गात मी मुलांना जयंत नारळीकरांनी घेतलेल्या ज्योतिषाच्या चाचणीबद्दल सांगते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, त्यांतल्या चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिष्याला देऊन विचारलं, यातली कुठली कोणाची? 27 जणांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. मुलं हसतात. कौलाची अशी चाचणी कशी घ्यायची, असं एका मुलीनं एकदा विचारलं होतं. घेता येईल, म्हटलं, पण त्यासाठी चुकलेले कौल कुणीतरी लिहून ठेवायला हवेत.

आज गाभाऱ्यासमोर बसून माझं हेच चाललं होतं. भटमामांनी पिटकोळीच्या फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मुखवट्याला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या. पाकळी पाण्याच्या पातळ थरानं धरून राहते, तो थर सुकला की सुटते. मे महिन्यात दहा मिनिटांत काम होतं. श्रावणात हवाच एवढी ओली की डब्यातलं मीठ पाझरतं, तिथं पाकळी कशाला सुकतेय! समई देवीच्या उजव्या अंगाला, जरा जास्तच जवळ. मी मनात आडाखा बांधला: उजवी आधी पडणार. आणि उजवी पडणं म्हणजे होकार.

पण होकार कशाला, ते तोवर मला माहीत नव्हतं. आईनं भटमामांच्या कानात काय सांगितलं, ते त्यांनी गाऱ्हाणं घातलं तेव्हाच कळलं. "माये, तुजें लेंकरूं तुज्या पांयांकडेन आयलां" इथून सुरुवात करून, कुळाची, वाड्याची, राखणदाराची नावं घेत घेत ते मुद्द्यावर आले. ऑपरेशन ठरलेलं आहे. त्या दिवशी आणि पुढचे दोन महिने हिनं लेकीकडे राहायचं असेल तर उजवी दे, लेकाकडे राहायचं असेल तर डावी दे.

मी आईकडे बघत राहिले. ती हात जोडून, डोळे मिटून बसलेली.

घरातलं कुणी हे वाचत असेल तर माफ करा, पण गेले पंधरा दिवस आमच्याकडे धुसफुस चालू होती ती यावरूनच. दादा म्हणतो आई मडगावला येणार, त्यात लाजेचा भाग जास्त. लोक काय म्हणतील, मुलगा असताना मुलीकडे? वहिनीची नोकरी, पोराची बारावी. माझं फोंड्याचं घर तळमजल्यावर, बांबोळीही जवळ. पण हे मी बोलले की दादाचा अपमान, वहिनी बोलली की आई जड झाली. कुणीच काही बोलत नव्हतं आणि सगळे फोनवर एकमेकांशी फार गोड वागत होते.

चाळीस मिनिटांनी उजवी पाकळी सुटली, मुखवट्याच्या गालावरून घसरली आणि साडीच्या निरीवर जाऊन पडली.

समईमुळेच पडली. हे मी आजही लिहून देईन. पण तिनं मला निवडलं म्हणून घशात दाटून आलं, हेही खरंच, आणि ही रोजनिशी आहे, प्रॅक्टिकलची वही नव्हे.

दादाला तिथूनच फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "देवीनंच सांगितलं तर मग प्रश्नच नाही." आवाज इतका हलका झाला होता त्याचा!

परतताना, साखळी मागे पडल्यावर, मी आईला विचारलं, ऑपरेशन करायचं की नाही ते का नाही विचारलंस? ती खिडकीतून बाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझ्या काकाच्या वेळी पाकळ्या धुऊन मीच दिल्या होत्या."

पुढे ती काही बोलली नाही. मीही नाही.


गुरुवार

रजेच्या कागदांसाठी पणजीला. साहेब जेवायला गेलेले, तासभर हातात. मांडवीच्या काठानं चालत आबे फारियाच्या पुतळ्यापाशी गेले. किती वर्षांनी नीट पाहिला. 1945 चा हा पुतळा. कोसळत चाललेल्या एका बाईच्या अंगावर हात पसरून उभा असलेला झगेवाला पाद्री; परगावचे लोक त्याला हमखास मांत्रिक समजतात.

खरं तर उलटं होतं. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करत होता, तेव्हा तिथं बोलबाला होता मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा; म्हणजे मोहिनी घालणाऱ्याच्या अंगातून कसलासा अदृश्य प्रवाह समोरच्यात शिरतो म्हणे. फारिया म्हणाला, प्रवाहबिवाह काही नाही. माझ्यात कसलीही शक्ती नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून. 1819 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्याच वर्षी तो गेला. अंगावर पाद्रीचा झगा असताना चमत्कार स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवला त्यानं.

त्याची ती गोष्ट गोव्यात पोराटोरांनाही ठाऊक असते. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि वाचाच बसली. तेव्हा बाप खालून कोकणीत पुटपुटला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा घडाघडा बोलू लागला. घडलं असेल, नसेल. पण एका वाक्यानं घशाची गाठ कशी सुटते, हे कोडं त्याला तिथंच पडलं असं सांगतात.

काल रात्री आईचं बीपी 136 वर 82 होतं. आठवडाभर वरचा आकडा दीडशेच्या खाली उतरला नव्हता. एका मापावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना दर वर्षी सांगते. तरी वहीत लिहून ठेवलं.

तिथून पालिकेच्या बागेत. हिलाच गार्सिया दा ओर्ता बाग म्हणतात, समोर चर्चच्या त्या पांढऱ्या पायऱ्या. हा ओर्ता पोर्तुगीज वैद्य. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात इथली झाडं, मसाले, औषधं. ग्रीक पोथ्यांत काय लिहिलंय त्यापेक्षा इथं डोळ्यांना काय दिसतं, यावर त्याचा भर. इथल्या वैद्यांचं ऐकूनही घेतलं त्यानं. तो 1568 ला वारला, आणि 1580 मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली.

वर्गात मी हे विज्ञान विरुद्ध धर्म याचं उदाहरण म्हणून सांगत आले. आज बाकावर बसून चणे खाताना लक्षात आलं की मी चुकीचं सांगते. त्याच्यावर ठपका वनस्पतींचा नव्हताच. घरचे मूळचे ज्यू, बाटवलेले. तो गुपचूप जुनाच धर्म पाळत होता, हा आरोप. म्हणजे धर्मानं जाळलं ते दुसऱ्या धर्माला. औषधांवर त्यांचा राग नव्हता. राग होता तो घराचं दार लावून माणूस कुणाची प्रार्थना करतो यावर. पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये हे दुरुस्त करायचं.

मग वाटलं, काकाचं उदाहरणही मी इतकी वर्षं असंच सरळसोट वापरत आले की काय? विज्ञान हवं होतं, श्रद्धा आडवी आली, माणूस गेला. हे खोटं नाही. आजीला मी अजूनही पुरती माफ केलेली नाही, आणि पाकळ्या लावून तापाचं निदान करणाऱ्याला आजही मी तोंडावर खडसावेन, मग तो भटमाम असो की सख्खा भाऊ. पण त्याच देवळात त्याच पाकळ्या काल वेगळ्या प्रश्नाला लावल्या गेल्या. नसांचं काय करायचं ते डॉक्टरांकडून, आणि दादा-वहिनीचं मन न मोडता माझ्याकडे कसं यायचं ते सातेरीकडून. आईनं ही वाटणी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. एका मेलेल्या दिराकडून घेतली, आणि तीस वर्षं कुणाजवळ बोलली नाही.

साहेब साडेतीनला आले. सही मिळाली.


सोमवार, बांबोळीहून परत आल्यावर

आज रक्ताचं काम. ऑपरेशनसाठी रक्तदाते लागणार म्हणून सांगितलं होतं. मी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारत होते, तोवर आईनं गावी एक फोन केला आणि भजनी मंडळातले चार जण सकाळी साडेनऊला हजर. पखवाजवाला, दोन झांजवाले आणि भटमामांचा धाकटा.

फॉर्म भरले, वजन, हिमोग्लोबिन झालं. आणि धाकट्यापाशी येऊन गाडी अडली. सकाळी काय खाल्लं, असं तिथल्या बाईंनी विचारलं. तो म्हणाला, काही नाही, श्रावणी सोमवार. त्या म्हणाल्या, रिकाम्या पोटी रक्त घेत नाही, चक्कर येते, खाऊन या. साडेतीनशे मिली जातं एका वेळी.

तो बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, हातात स्मार्टवॉच, आयटीआय झालेला. दुपारी पाळीवर जायचं होतं. मी म्हटलं, अरे, केळी खा, उपासाला चालतात. म्हणाला, सोळा सोमवार धरलेत बाई, निर्जळी. संध्याकाळी पूजा झाल्याशिवाय पाणीही नाही. नववा आज. मोडला तर पुन्हा पहिल्यापासून.

मला काय बोलावं ते सुचेना. उपास मोड म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि राहू दे म्हणायला रक्त हवं होतं. शेवटी आईला फोन लावून त्याच्या हातात दिला.

आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "खा रे तू. हा सोमवार मी धरते तुझ्याऐवजी. नाहीतरी मला डॉक्टरांनी आज रात्रीनंतर खायला बंदीच घातलीय, थोडं आधीपासून करीन."

मी फोन हिसकावून घेतला आणि ओरडले, "आई, तुला गोळ्या आहेत, तू काही उपास धरायचा नाहीस!"

"बरं," ती म्हणाली. "मग तू धर."

कँटीनमध्ये तो आधी एक प्लेट पातळ भाजी-पाव घेऊन बसला. मी समोर. माझ्याही पोटात सकाळपासून चहाच होता, आणि भाजीला खोबऱ्याचा वास सुटला होता. त्यानं दुसरी प्लेट मागवली, माझ्याकडे सरकवली आणि मग एकदम जीभ चावून परत स्वतःकडे ओढून घेतली.