पहिल्या क्रमांकाची पृथ्वी

समांतर विश्वाची कल्पना सोलापूरकरांना फारशी समजावून सांगावी लागत नाही, कारण आमच्याकडे विजापूर रस्त्याच्या अंगाला चांगले नांदते, घरादारांनी भरलेले जुळे सोलापूर आहे. जुळे म्हटले तरी थोरले कोण याबद्दल दोन्हीकडे वाद नाही. तिकडची मंडळी नवी पेठेत खरेदीला निघाली की ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. गावातला माणूस तिकडे निघाला तर त्याला ‘जुळे सोलापूर’ असे पूर्ण नाव घ्यावे लागते. जे मूळ, त्याला विशेषण लागत नाही, हा आमचा साधा व्यवहार आहे.

डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मात्र हा मान उलटा गेला, आणि ते मला अजून पटलेले नाही. ‘द फ्लॅश’च्या सप्टेंबर १९६१ च्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेली आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी चितारलेली एक कथा आहे. तीत बॅरी ॲलन हा अचाट वेगाने धावणारा नवा फ्लॅश मुलांच्या कार्यक्रमात चक्क आपल्याकडच्या जादूगारांची दोरीवर चढण्याची जादू करून दाखवतो, आणि त्या भरात इतक्या वेगाने कंप पावतो की दोरीवरून नाहीसा होऊन थेट दुसऱ्याच पृथ्वीवरच्या कीस्टोन सिटीत उतरतो. तेथे त्याला भेटतो जे गॅरिक, म्हणजे १९४० पासूनचा जुना फ्लॅश, ज्याची कॉमिक्स बॅरीने लहानपणी वाचलेली असतात. याचा खुलासाही मोठा गमतीचा आहे : गार्डनर फॉक्स यांचे मन झोपेत त्या दुसऱ्या पृथ्वीशी जुळत असे आणि तेथे घडलेल्या गोष्टी ते इकडे कथा म्हणून लिहून काढीत. लेखकाने स्वतःच्याच कथेत स्वतःला असे वार्ताहर करून टाकणे मला फार आवडते.

दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, या दोन जगांना क्रमांक मिळाले. नव्या पिढीच्या नायकांची ती पृथ्वी-एक ठरली आणि त्यांच्या कितीतरी आधी अवतरलेल्या ज्येष्ठांच्या वाट्याला पृथ्वी-दोन आली. अर्थात नंबर लावणारे नव्या अंकांचेच संपादक होते, त्यामुळे दुसरे काही होण्याची शक्यताही नव्हती. १९६४ मध्ये पृथ्वी-तीन आली. तेथे नायक गुन्हेगार असतात आणि कोलंबस अमेरिकेतून निघून युरोपचा शोध लावतो. पुढे पृथ्व्या इतक्या वाढल्या की १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनाइट अर्थ्स’मध्ये त्या सगळ्या मोडून एकच ठेवावी लागली. त्या उलथापालथीत कीस्टोन आणि बॅरीची सेंट्रल सिटी एकाच जगात आल्या आणि नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरे होऊन बसल्या. पण ही काटकसर टिकली नाही. नंतर पुन्हा ५२ विश्वांची मांडणी झाली आणि या वेळी मुख्य पृथ्वीने शून्य हा क्रमांक घेतला. एक नंबर मिळूनही समाधान झाले नाही की माणसे त्याच्याही अलीकडे जाऊन बसतात.

मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेची रीत वेगळी आणि माझ्या मते अधिक शहाणपणाची आहे. त्यांच्या मुख्य विश्वाचा क्रमांक ६१६, आणि तो अमेरिकेतही ठरला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये निघणाऱ्या ‘कॅप्टन ब्रिटन’च्या कथांमधून तो आला. या आकड्याला ज्येष्ठतेचा वास नाही. इतर काही क्रमांकांमागे निव्वळ कारकुनी हिशेब आहे : स्पायडर-हॅम या डुकराच्या रूपातल्या स्पायडरमॅनचे विश्व ८३११, कारण तो नोव्हेंबर १९८३ मध्ये अवतरला. धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवर चढणाऱ्या पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनच्या विश्वाला ५०१०१ मिळाला. मुंबईला मिळाला म्हणजे आपल्याला मिळायला अजून बराच अवकाश आहे, असे माझा भाचा म्हणतो, आणि त्याचे हे अनुमान केवळ कॉमिक्सपुरते नसावे.

चित्रपटांनी मात्र घोटाळा केला. मार्व्हलच्या चित्रपटांच्या विश्वाला आधीच १९९९९९ असा लांबलचक क्रमांक दिलेला होता. असे असताना २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या चित्रपटात त्यालाच ६१६ म्हटले गेले आणि कॉमिक्सचे निष्ठावंत वाचक खवळले. त्यांचा राग मला समजतो, कारण एकाच नंबरची दोन घरे झाली की टपालाचे काय होते हे कुणालाही ठाऊक आहे. तरी त्या प्रसंगातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. डॉक्टर स्ट्रेंजला त्याच्या विश्वाचा हा क्रमांक सांगते ती दुसऱ्या विश्वातली, समांतर जगांचा अभ्यास करणारी क्रिस्टीन पामर. नंबर वाटण्याचे काम तिच्या लोकांकडे आहे, आसपास विचारणारे कुणी नाही. तरीही आपल्या स्वतःच्या विश्वाला त्यांनी दिलेला क्रमांक आहे ८३८.