रिपीटरची वर्गणी

रविवार, रात्री

हौशी रेडिओची व्याख्या आज पुन्हा काढून वाचली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत ती एका वाक्यात मावते. स्वतः शिकावं, एकमेकांशी संपर्क करावा, तांत्रिक शोध घ्यावा, यासाठी रीतसर परवाना असलेल्या आणि रेडिओतंत्राची आवड असलेल्या माणसांनी केवळ वैयक्तिक हेतूने, आर्थिक लाभाविना चालवलेली सेवा. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं. त्यातल्या शेवटच्या शब्दांची खरी गरज आज पडली.

क्लबच्या बैठकीत विषय होता डोंगरावरच्या रिपीटरचा, म्हणजे आमचे क्षीण संदेश उचलून त्याच क्षणी जोरात पुढे पाठवणाऱ्या यंत्राचा. बॅटऱ्या थकल्यात, कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, जोडात पाणी शिरलंय, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) चढलाय आणि शिल्लक जेमतेम. एका सदस्याच्या ओळखीतले वाहतूक व्यावसायिक दरमहा ठरावीक रक्कम द्यायला तयार आहेत. बदल्यात त्यांच्या चालकांना आपल्या रिपीटरवरून बोलू द्यायचं. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो बरेच दिवस पैशांची सोय शोधत होता. आमचे ज्येष्ठ काका एवढंच म्हणाले, "अहो, मग आपला परवाना कशाचा राहिला?"

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर हौशींसाठी ठेवलेला आहे. मोबाइल कंपन्या स्पेक्ट्रमच्या लिलावात प्रचंड रकमा मोजतात आणि आपल्याला मात्र परीक्षा देऊन एवढी मोकळी जागा मिळते. १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल ॲमेच्युअर रेडिओ युनियन जागतिक परिषदांमध्ये आपल्यासाठी भांडते, ते शिक्षण, प्रयोग आणि आपत्तीतली मदत यांच्या बळावर. ही जागा भाड्याने द्यायला लागलो, तर ती आपल्याकडे का ठेवायची याला आपल्याजवळच उत्तर उरणार नाही.

आणि बिनपैशाची माणसं काय काय करून गेली आहेत! ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी वर गेला. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षं झाली होती. स्वयंसेवकांनी बांधलेली साधारण साडेचार किलोची ती पेटी एका मोठ्या उपग्रहासोबत, वजन साधायला ठेवतात त्या भाराच्या जागी बसून गेली. मोर्समध्ये ती फक्त ‘हाय’ म्हणायची. त्या ‘हाय’चा वेग आतल्या तापमानाप्रमाणे बदलायचा, म्हणून ऐकणाऱ्याने घड्याळ लावून मोजलं की उपग्रह किती तापलाय ते कळे. २८ देशांतल्या ५७०हून अधिक हौशींनी आपापली निरीक्षणं कळवली. कुणालाही त्याचे पैसे मिळाले नाहीत.

त्याहून मला एओ-७ या आणखी एका हौशी उपग्रहाची गोष्ट जवळची वाटते. १९७४ साली सोडलेला हा उपग्रह १९८१मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला. सगळ्यांनी तो मेला असं धरलं. २००२ साली तो पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी बहुधा उघडी पडली आणि सूर्यप्रकाश मिळाला की सौर पट्ट्यांवर तो थेट चालू लागला. एखाद्या कंपनीचा असता तर केव्हाच हिशोबातून खोडला गेला असता आणि त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत बसायला कुणी उरलं नसतं.

मात्र याच अभिमानाची एक बाजू मला काळजीत टाकते. नफा नको म्हणता म्हणता आपण पैशांविषयी बोलणंच टाळतो. वर्गणीचा विषय निघाला की माना खाली जातात. मग दोन-तीन जण गुपचूप पदरचे घालत राहतात. पुढे ते थकतात, किंवा ‘रिपीटर माझाच’ असं त्यांना वाटू लागतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? क्लब बंद पडतात ते बहुतेक असेच, भांडणाशिवाय.

म्हणून आज मी बैठकीत स्पष्ट बोलले. जमाखर्च दरमहा सगळ्यांसमोर यावा, अगदी फ्यूजच्या खर्चासकट. बॅटरी कधीतरी जाणारच, तेव्हा तिच्यासाठी आजपासून वेगळे पैसे बाजूला पडावेत. विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेऊ नये. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांची रेडिओवरची भेट, चालवावी, नवख्यांना मोर्स शिकवावं, संपर्काची पोच देणाऱ्या क्यूएसएल कार्डांचे गठ्ठे लावावेत. हेही देणंच आहे आणि वहीत त्याचीही नोंद व्हावी. मोठी देणगी देणाऱ्याला रिपीटरवर वेगळा मान नको. कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह, आहे त्या प्रत्येकाचा हक्क सारखाच. खजिनदारांनी सगळं लिहून घेतलं. वर्गणी किती ठेवायची यावर मात्र अजून एकमत नाही.

आणखी एक गोष्ट मी लावून धरली. एखादा सदस्य वारला, आमच्या भाषेत सायलेंट की झाला, की घरच्यांसमोर रेडिओ, अँटेना ट्यूनर, मीटर, तारांची भेंडोळी असा पसारा उरतो. त्यांना त्याचं मोल माहीत नसतं. अशा वेळी क्लबने प्रत्येक वस्तू तपासावी, योग्य किंमत सांगावी, गिऱ्हाईक शोधावं आणि आलेली पै न् पै कुटुंबाला द्यावी. तिजोरी रिकामी असली तरी त्यातला वाटा क्लबने मागू नये. यावर कुणी हरकत घेतली नाही, याचा मला फार आनंद झाला.

राहिला प्रश्न जाणकारीचा, आणि तो मला पैशांपेक्षा अवघड वाटतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. दोन मीटरवर, म्हणजे त्या १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, या दोघींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचंच अंतर. स्वतःच्याच आवाजाने रिसीव्हर बहिरा होऊ नये म्हणून डुप्लेक्सरच्या, म्हणजे या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणाऱ्या फिल्टरच्या, कॅव्हिटी (धातूचे पोकळ डबे) नेमक्या जुळवाव्या लागतात. हे काम आमच्याकडे आज एकट्या काकांना येतं. पुढच्या वेळी ते डोंगरावर जातील तेव्हा मी आणि नुकतीच परीक्षा पास झालेली एक मुलगी सोबत जाणार आहोत. प्रत्येक कॅव्हिटीचा स्क्रू कुठे आहे, नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारा बिंदू) कुठे बसतो, मीटर कसा लावायचा, हे काका बोलतील तसं ती लिहून घेईल आणि मी फोटो काढीन. खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत तिच्याकडे राहील, असं खजिनदारांशी बोलून ठेवलंय.