शहर कुठे वाढणार, हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नकाशांचं काम करते म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "वीस वर्षांनी मुंबई कुठवर पसरेल, हे तुमच्या कॉम्प्युटरला कसं कळतं?"

त्याला पुढचं काही कळत नाही, आधी काय झालं ते तो बघतो. लँडसॅट उपग्रहांचे जुने फोटो फुकट मिळतात. क्यूजीआयएस आणि ग्रास ही नकाशांची सॉफ्टवेअरंही मुक्त आहेत, कुणीही घ्यावीत. फोटोतला एकेक चौकोन तीस मीटरचा. जवळ रस्ता, शेजारी वस्ती, उतार कमी, तर तो बांधला जायची शक्यता जास्त. या हिशेबालाच मॉडेल म्हणतात. १९९५ आणि २००५ च्या नकाशांवरून २०१५ चा अंदाज काढायचा नि खऱ्या २०१५ शी ताडून बघायचा. तिथे जुळलं नाही, तर २०४० बद्दल बोलूच नये.

माझा जीव अडकतो तो भांडुप-कांजूरच्या मिठागरांत. मे महिन्याच्या जुन्या फोटोंत कोरडं मीठ इतकं पांढरं चमकतं की कॉम्प्युटर त्याला सिमेंट समजतो. माझ्या पहिल्या नकाशात सगळी मिठागरं 'वस्ती' म्हणून लाल झाली होती. मी मुलुंडची, त्या बांधांवरून चाललेली. दोन रात्री बसून चौकोन हाताने दुरुस्त केले, कारण ही चूक पसरते: शेजारी वस्ती दिसली की मॉडेल पलीकडची तिवरंही बांधायला घेतं.

'इथे बांधायचं नाही' हा नकाशातला थर मात्र मॉडेल ठरवत नाही, तो आपण भरायचा असतो. राष्ट्रीय उद्यान, विहार आणि तुळशी तलाव, तिवरं त्यात जातात. मिठागरं? मी दोन्ही करून बघते. बांधकामाला बंद ठेवली तर तेवढीच घरं विरार, बदलापूर, पनवेलकडे सरकतात, कारण माणसांचा आकडा आपण तोच ठेवलेला असतो. तिथली शेतं, डोंगर जातात, हेही मी लपवत नाही. खुली केली तर त्याच नकाशावर ग्रासमध्ये खोटा पाऊस पाडून पाणी कुठे साचतं ते बघते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असा पाऊस आणि भरती एकत्र आली की नाल्यातलं पाणी खाडीत उतरत नाही, त्याला थांबायला सखल जागा लागते. म्हणून मला विचाराल, तर मिठागरं बांधकामाला बंदच ठेवावीत.

परवा सोसायटीतल्या काकांनी नकाशा बघून विचारलं, "यात आपला नाला कुठाय?" नव्हता. तीस मीटरच्या चौकोनात पाच मीटरचा नाला दिसत नाही. रविवारी आम्ही दोघं टेप घेऊन तो मोजायला जाणार आहोत.