आर्महेफवर अडलेले अवलंबन

२०२४ च्या उन्हाळ्यात डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या अस्थिर शाखेत (जिथे नवे बदल आधी येतात) एक मोठे स्थित्यंतर चालू होते. १९ जानेवारी २०३८ नंतरची, १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली वेळ चिन्हासहित ३२ बिटांत मावत नाही; म्हणून आर्महेफसारख्या (एआरएम प्रोसेसरांसाठीच्या) ३२-बिट रचनांवर वेळ साठवणारा टाइम_टी हा प्रकार ६४ बिटांचा केला जात होता आणि ज्या लायब्ररींच्या एबीआयला (संकलित प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातील जोडणीच्या नियमांना) त्याची झळ पोहोचत होती, त्यांच्या पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ जोडले जात होते.

त्याच सुमारास मी सांभाळत असलेले एक पॅकेज आर्महेफवर इन्स्टॉल होईना. सर्व्हरवरून नोंदी उतरवून घेणारा तो छोटा पायथन प्रोग्राम एएमडी६४ या ६४-बिट रचनेवर विनातक्रार बसत होता. आर्महेफच्या कोऱ्या सीएचरूटमध्ये (मुख्य प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) मात्र पॅकेजे बसवणारे एप्ट हे साधन म्हणत होते की, पॅकेजला ‘लिबकर्ल४’ (कर्ल या डाउनलोडच्या लायब्ररीचे पॅकेज) हवे आहे, पण ते इन्स्टॉल करता येत नाही. एरवी अशी नावे कोणी हाताने लिहीत नाही. डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन संकलित फाइल वाचून ती स्वतःच भरते. आमचा प्रोग्राम लायब्ररी सीटाइप्समार्फत (पायथनमधून सी भाषेतील लायब्ररी वापरू देणाऱ्या मॉड्यूलमार्फत) चालता चालता उघडत असल्याने त्या साधनाला वाचण्यासारखे काहीच नव्हते, आणि आधीच्या देखभालकर्त्याने नाव हाताने लिहिले होते ते योग्यच होते.

एएमडी६४ वर नवे ‘लिबकर्ल४टी६४’ हे पॅकेज ‘प्रोव्हाइड्स’ या नोंदीतून जुन्या नावाचीही हमी देते, कारण तिथे एबीआय बदललेलाच नाही. आर्महेफवर ही हमी जाणीवपूर्वक दिलेली नाही. ही योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. पॅकेजची अवलंबने, म्हणजे त्याला लागणारी इतर पॅकेजे, जिथे लिहितात त्या कंट्रोल फाइलीत नवे नाव घातल्यावर पॅकेज लगेच इन्स्टॉल झाले. पण हमी का काढून घेतली आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत ते अपलोड करणे मला पटेना.

उत्तर प्रोग्रामच्या कोडमध्येच होते. तारीख उलगडण्यासाठी तो कर्लचे कर्ल_गेटडेट हे फंक्शन बोलावत होता, ज्याचे उत्तर टाइम_टी असते, आणि सीटाइप्सला मात्र ते सी_लाँग (सी भाषेतील लाँग पूर्णांक) असल्याचे सांगितले होते. आर्महेफवर सी_लाँग ३२ बिटांचाच राहतो. १ जानेवारी २०४० ही तारीख दिली तेव्हा ऋण संख्या आली आणि वर्ष निघाले १९०३. कुठेही त्रुटीचा संदेश नव्हता. नोंदी चुकीच्या तारखांनी मुकाट साठत राहिल्या असत्या.

सीटाइप्समधील सी_टाइम_टी हा प्रकार पायथन ३.१२ पासूनच आहे आणि जुन्या पायथनवरचे वापरकर्ते तोडायचे नव्हते. म्हणून तारखा उलगडण्याचे काम पायथनच्या स्वतःच्या ईमेल.युटिल्स या मॉड्यूलकडे सोपवले, २०४० ची तारीख तपासणारी चाचणी ऑटोपीकेजीटेस्ट या डेबियनच्या स्वयंचलित चाचणी यंत्रणेत घातली आणि पॅच मूळ लेखकांकडेही पाठवला. प्रोग्रामचा टाइम_टीशी संबंध आता उरला नसल्याने, नवे नाव आधी आणि जुने नाव पर्याय म्हणून, अशी दोन्ही नावे अवलंबनांत लिहिता आली. त्यामुळे तेच पॅकेज आर्महेफच्या अस्थिर शाखेवर बसले आणि जुनेच नाव असलेल्या डेबियन १२ वरही.