सांडपाण्याच्या तीन पाणथळी: तिसरीकडे गमबूट घालूनच जा

सांडपाणी खडी भरलेल्या, झाडं लावलेल्या वाफ्यातून साफ करतात ती ही पाणथळ. तिच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या ‘देखभाल शून्य’ या शब्दांवर विसंबून निघू नका. भीमेच्या खोऱ्यातल्या तीनपैकी दोन गावांत कर्दळ फुललेली, पाणी नितळ. तिसऱ्या गावात वाफ्याच्या तोंडाशीच घोटाभर काळं पाणी खडीवर साचलेलं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळताना.

हे तिसरं गाव 300 माणसांचं. माणशी 55 लिटर नळाचं पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं तर रोज 13 घनमीटर. त्याला 200 चौरस मीटर वाफा, आत अर्धा मीटर पाणी, ते खडीच्या फटींतच मावतं म्हणून तीन दिवसांचा मुक्काम. इथवर हिशेब बरोबर. चुकला तो आकार. नाल्याकडेची पट्टी मोकळी होती म्हणून वाफा 5 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब काढला. गाळ खाली बसल्यावरही लिटरला 150 मिलिग्रॅम बीओडी (घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरा. रोजचे 2 किलो झाले. ते शिरतात 5 मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, म्हणजे अडीच चौरस मीटरच्या तोंडातून, चौरस मीटरला 800 ग्रॅम. सोसतात 250! तेवढ्याच जागेत 16 मीटर रुंद, साडेबारा मीटर लांब वाफा घेतला असता तर तोंड आठ चौरस मीटरचं मिळालं असतं. वाफा जितका लांब तितका चांगला, ही समजूत सोडाच.

खडीतही फसवणूक. 42 ब्रासचे पैसे मोजले आणि पडली चुरी मिसळलेली. गाडी रिकामी व्हायच्या आधी 10 लिटरची बादली खडीने काठोकाठ भरा आणि मापाने पाणी ओता. चार लिटर मावलं तर घ्या. तीनवरच काठ आला तर गाडी परत. हाताने ढवळल्यावर पाणी चहासारखं झालं तरी परत. खडी धुतलेली, 10 ते 20 मिलिमीटरचीच हवी. दोन्ही टोकांना 40 ते 80चे दगड.

पाहायला सकाळी, नळाला पाणी सुटतं तेव्हा जा. दुपारी सगळ्याच पाणथळी बऱ्या दिसतात. आधी गाळटाकीचं झाकण उघडायला लावा आणि काठी बुडवून बघा. तिसरा हिस्सा गाळ असेल तर पुढचा वाफा तुंबणारच. पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचा शेवटचा एल्बो (वळणाचा तुकडा) फिरतो का तेही पाहा. पाणी खडीच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली ठेवायचं ते त्यानेच. वाफ्यावर चालू नका, खडी दबते.

तुंबलेल्या वाफ्याची पहिली दोन मीटर खडी, जेमतेम दोन ब्रास, उकरून धुवा आणि परत भरा. पण तेवढ्याने भागणार नाही. पाइप पुढे नेऊन 0, 13 आणि 26 मीटरवर पाणी समान वाटून सोडा, तिन्ही जागी मोठे दगड घाला.