बाळाचं वजन ३८ किलो

घरात त्याला सगळे बाळ म्हणतात. बाळाला आता मिसरूड फुटलंय. वय १६, वजन ३८ किलो, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही, स्नायू ताठरतात. कुपवाडला एमआयडीसीजवळच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. मी फिजिओथेरपिस्ट, पंधरवड्यातून एकदा तिथे जाते.

पावसाळ्यातला मंगळवार होता. दार आजींनी उघडलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. एरवी दार आईच उघडते, ओले हात पदराला पुसत. ती आत जमिनीवर कुशीवर पडली होती. सकाळी बाळाला मोरीकडे न्यायला उचललं आणि कमरेत चमक भरली. बाळ पलंगावरच, रात्रीच्या ओल्या पँटीत. साडेदहा वाजले होते.

"मी हात लावला तर हाड मोडंल त्याचं, भ्या वाटतं," आजी म्हणाल्या. बाबा रात्रपाळी करून बाहेरच्या खोलीत झोपलेले. त्यांना कुणी उठवलंही नव्हतं.

पायांत मुंग्या, बधिरपणा आहे का, लघवी नीट होतेय का, हे आधी आईला विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. मग माझी नजर भिंतीवर गेली. तिथे माझाच तक्ता. १२ व्यायाम, प्रत्येकी १० वेळा, रोज दोनदा, पुढे खूण करायला चौकोन. मागच्या खेपेला ते रिकामे चौकोन बघून मी तिला ऐकवलं होतं, "ताई, तुम्ही मनावरच घेत नाही."

"दिवसातून किती वेळा उचलता त्याला?" मी पहिल्यांदाच विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

ती पडल्या पडल्या बोटं मोजायला लागली. मोरी, आंघोळ, उन्हाला बसवायचं, परत आत, जेवायला... "अकरा तरी होत्यात."

अकरा गुणिले ३८ म्हणजे ४१८. चार क्विंटलच्या वर. सांगलीच्या हळद बाजारात हमालाला पोत्यामागे हमाली तरी मिळते. आणि पोतं उचलताना मध्येच ताठ होत नाही. बाळाचा निरामय, म्हणजे अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मीच भरून दिला होता, वर्षाला १ लाखापर्यंतचा. तो बाळाचा. आईला औषध म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली दुखण्यावरची गोळी.

बाबांना उठवलं. ते डोळे चोळत आले आणि सरळ बाळाच्या काखेत हात घालून ओढायला लागले. बाळ फळीसारखा ताठ झाला, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, तोंडातून किंकाळी. बाबा दोन पावलं मागे. "बघा मॅडम, मला नाही जमत. माझ्याकडं आला की रडतोच."

हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. माझं तोंड उघडणार होतं, पण गिळलं. त्यांचे हात धरून बाळाच्या गुडघ्यांखाली ठेवले. ओढायचं नाही. आधी गुडघे सावकाश मोडून पोटाकडे आणायचे, मान किंचित पुढे, आणि थांबायचं. दहापर्यंत मोजलं. बाळाचा ताठा सुटत गेला तो बाबांच्याच हातांना कळला, कारण ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. मग खांदा आणि खुबा धरून कुशीवर वळवायचं, एक बाजू पुसायची, मग दुसरी. घोट्याला धरून पाय फाकवायचे नाहीत. एक पँट बदलायला २० मिनिटं लागली. आई तीन मिनिटांत करते.

नंतर जाड चादर चौघडी करून बाळाखाली सरकवली. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. चादर गच्च धरून त्याला पलंगाच्या कडेवरून मध्ये सरकवलं. अंगाला हात न लावता. आजींनी पदर खोचला, "मला बी दावा." त्यांना उचलायला मी दिलं नाही, पण गुडघे मोडून धरायचं काम त्यांच्याकडे दिलं.

"एवढंच असतं होय?" बाबा घाम पुसत म्हणाले.

खालून आवाज आला, "कधी इचारलंत?"

कुणीच काही बोललं नाही. बाळ मात्र खिदळला. बाबांची फजिती त्याला फार आवडते.

त्या दिवशी तक्त्यातला एकही व्यायाम झाला नाही. निघताना मी तो भिंतीवरून काढला आणि १२ पैकी तीन ठेवले, तेही आंघोळ घालताना आणि कपडे बदलताना आपोआप होतील असे. संध्याकाळी भेटीच्या फॉर्मवर 'बाळाची प्रगती' या रकान्यात लिहिलं: आईची कंबर, विश्रांती. बाबांना शिकवलं. आजी तयार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, "मॅडम, हे नेमकं कुठल्या रकान्यात घ्यायचं?"